बॅटरीची छाटणी कात्री: एक हिवाळा, एक अंगठा आणि एक तुटलेली तार

आधीच सांगते, ही कात्री मी हौसेनं घेतलेली नाही. माझ्या उजव्या अंगठ्यानं ती घ्यायला लावली. गेल्या हिवाळ्यात द्राक्षाच्या छाटणीच्या शेवटच्या आठवड्यात बरणीचं झाकण फिरेना, वेणी घालताना बोटं अर्ध्यात थांबायची, आणि रात्री मनगट उशीखाली दाबून धरलं तरच झोप लागायची. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. कधी द्यायची ते त्यांनी सांगितलं नाही. पानं गळाली की छाटणी सुरू करायची आणि डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फुटायच्या आत संपवायची, यात अंगठ्याच्या सुट्टीला जागा कुठं आहे?

म्हणून या हिवाळ्यात बॅटरीवर चालणारी कात्री आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारींतल्या निम्म्या या जातीच्या कुठल्याही कात्रीला लागू पडतील, आणि उरलेल्या निम्म्यांत माझीही चूक आहे. घ्यायची की नाही एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: घ्या, पण जुनं सिकेटर, म्हणजे हातानं दाबायची छाटणीची कात्री, कुणाला देऊन टाकू नका. का, ते पुढं आहे, आणि ते जरा लांबलंय.

छाटणी कधी न पाहिलेल्या माणसाला अंगठ्याचा एवढा बाऊ कशाला असं वाटेल. थोडा हिशेब मांडते. हिवाळ्यात वेल झोपलेली असते. पानं गळालेली, अन्न खोडात आणि मुळांत साठवलेलं. वर दिसतात त्या सगळ्या गेल्या हंगामात वाढलेल्या काड्या. एकेका वेलीवर पंधरा-वीस, डोक्याच्या वर गेलेल्या आणि तारांमध्ये गुंतलेल्या. त्या वाढीतली ८० ते ९० टक्के काढून टाकायची असते. घड येतात ते एक वर्षाच्या काडीवरच्या डोळ्यांतून निघालेल्या नव्या फुटींवर. सगळंच ठेवलं तर वेल शेकडो डोळे फोडते, घडांचा नुसता पाचोळा होतो आणि धड पिकत एकही नाही. माझ्याकडं २४०० च्या आसपास वेली आहेत. वेलीला सरासरी २५ काप धरले तर ६०,००० होतात. म्हणजे ६०,००० वेळा मूठ आवळायची, तीही थंडीत, काडी कडक आणि बोटं तिच्याहून कडक असताना. (उष्ण प्रदेशात वेल अशी झोपतच नाही, तिथं वर्षातून दोनदा छाटावी लागते. तिथल्या अंगठ्यांचं काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक.)

आता कात्री. खोक्यातून निघालं ते असं: कात्री, दोन बॅटऱ्या, चार्जर, एक जादा पातं, ग्रीसची छोटी नळी, दोन चाव्या आणि कमरेला अडकवायची पिशवी. बॅटरी मुठीच्या टोकाला बसते. अशा कात्र्यांत दुसरा प्रकारही असतो, त्यात बॅटरी पाठीवरच्या जाकिटात असते आणि वायर बाहीतून हातापर्यंत येते. त्यात हातातलं ओझं कमी होतं, पण वायर काड्यांत अडकते असं ऐकलं म्हणून मी बिनवायरची घेतली. हातात ८०० ग्रॅमच्या आसपास भरते. माझं जुनं सिकेटर २४० ग्रॅमचं. पहिल्या दिवशी सकाळी फरक जाणवला नाही. दुपारी जाणवला. संध्याकाळी खांद्यानं जाणवून दिला.

चालवायला सोपी आहे. घोडा दाबला की पातं मिटतं, सोडला की उघडतं. तोंड पूर्ण उघडं ठेवायचं की अर्धं, हे ठरवता येतं. बारीक काड्यांसाठी अर्धं तोंड फार सोयीचं, पातं कमी अंतर फिरतं म्हणून काम भराभर होतं आणि बॅटरीही वाचते. बोटाएवढी काडी कापताना आवाज येतो तो कात्रीचा नव्हेच, शिवणयंत्रानं दोन टाके घालून थांबावं तसा. पहिल्या दोन ओळी मी त्या आवाजाच्या नादात संपवल्या. खरंच मजा आली.

मग घड्याळ लावून पाहिलं. माझ्या एका ओळीत ४० वेली आहेत. सिकेटरनं एका ओळीला मला साधारण ८० मिनिटं लागतात. बॅटरीच्या कात्रीनं ६० लागली. जाहिरातीत निम्म्या वेळेच्या गोष्टी असतात, त्या मला कुठं दिसल्या नाहीत. कारणही सोपं आहे. कापणं हे छाटणीतलं निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे ओढणी. कापलेली काडी आपण होऊन खाली पडत नाही. तिचे ताणे तारेला वेढे घालून वाळलेले असतात, घट्ट आणि चिवट. काडी धरून हिसका द्यायचा, नाही आली तर मधे अजून एक काप द्यायचा, पुन्हा हिसका. सुटताना ती सपकन गालावर येते. डोळ्याला चष्मा लावा, हे मी कुठल्याही कात्रीच्या आधी सांगेन. ओढणीत बॅटरीचा काही उपयोग नाही. उलट उजव्या हातात ८०० ग्रॅमचं धूड असल्यामुळं ओढायला एकच हात उरतो. सिकेटर असलं की मी ते तळहातात फिरवून त्याच हाताच्या दोन बोटांनी काडी धरते. ही सवय माझी मलाच माहीत नव्हती, कात्री बदलल्यावर कळली.

अंगठ्याचं काय झालं? सुधारला. हे निर्विवाद. तिसऱ्या आठवड्यात बरणीचं झाकण फिरलं, आणि त्या दिवशी मी घरात सगळ्यांना दोनदा सांगितलं. घोडा तर्जनीनं हलकेच दाबायचा, मूठ आवळायची नाही, त्यामुळं अंगठ्याच्या बुडाशी जो ठणका असायचा तो गेला. त्याच्या बदल्यात कोपराच्या वर एक नवी दुखणारी जागा मिळाली, पण ती झोपेत सोडून देते. हाच सौदा असेल तर मला मान्य आहे. ज्यांच्या हाताची नस दबते, मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, त्यांनी या एका परिच्छेदावर कात्री घ्यायला हरकत नाही. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

थंडीचा आणि बॅटरीचा संबंध मात्र आधी समजून घ्या. लिथियम-आयन बॅटरी गारठली की तिच्या आतली हालचाल मंदावते आणि भरलेली असूनही ती कमी वेळ चालते. माझी एक बॅटरी उबदार दुपारी साडेतीन तास चालली. दहिवर पडलेल्या सकाळी तीच दोन तासांत बसली. मी आधी दुकानदाराला बोल लावला, मग माहितीपत्रक वाचलं. आता दुसरी बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवते, अंगाच्या उबेला. आणि एक गोष्ट पक्की: गोठणबिंदूच्या खाली असलेली बॅटरी चार्जला लावायची नाही. तशा थंडीत चार्ज केल्यावर आत लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. शेडमध्ये रात्रभर लावून ठेवायची सवय असेल तर मोडा. मी घरात आणून, तासभर तशीच ठेवून, मग लावते.

आता तारेची गोष्ट.

नववी ओळ, सकाळचे दहा. उतरत्या उन्हाळी फुटींचं जंजाळ तारेला चिकटलेलं. मी एका हातानं काड्या बाजूला करत होते आणि दुसऱ्या हातानं घोडा दाबत होते. एक काप नेहमीपेक्षा अगदी किंचित वेगळ्या आवाजाचा झाला. पुढच्या क्षणी वरची तार सणसणत मागं गेली आणि अर्धी ओळ मान टाकल्यासारखी कलली. पात्याच्या मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली होती. कात्रीचा दोष म्हणावा तर तिनं सांगितलं तेच केलं. हातातलं सिकेटर तारेला लागलं की मूठ आपोआप थांबते. तार वेगळीच लागते, थंड आणि ताठ, ती तळहातात आधी कळते आणि डोक्यात नंतर. बॅटरीच्या कात्रीला बोटाएवढी काडी, तार आणि बोट हे तिन्ही सारखेच. घोडा दाबला, पातं मिटलं, विषय संपला.

बोटावरून आठवलं. काही कात्र्यांसोबत वीजवाहक धाग्याचा हातमोजा मिळतो, पातं त्याला टेकलं की कात्री जागीच थांबते. माझ्या कात्रीत ही सोय नव्हती. मी डाव्या हातात जाड चामड्याचा मोजा घालायचे आणि त्यावर निर्धास्त होते. बाराव्या ओळीत मोज्याच्या करंगळीचं टोक गेलं. करंगळी वाचली, कारण मोजा मला एक माप मोठा होता. पुन्हा कधी घेतली तर ती सोय असलेलीच घेईन, आणि तुम्हालाही हेच सांगते. दुसऱ्या हाताचं शिस्तीचं काम म्हणजे तो पात्यापासून वीतभर लांब ठेवणं. हे लिहायला सोपं आहे. दिवसाच्या सातव्या तासाला हात आपला कुठं आहे ते माणसाला आठवत नाही.

पण तार आणि मोजा या दोन्ही गोष्टी मी विसरून गेले असते. जे विसरले नाही ते आत्याबाईंमुळं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहीण. वय झालंय, पण छाटणीला येतातच, आणि त्यांच्या हातात सिकेटरच असतं. त्या माझ्या शेजारच्या ओळीत असतात. मी पुढं जाते, त्या मागं राहतात, आणि मग कधीतरी ओळीच्या टोकाला पाहावं तर त्या माझ्या ओळीत उभ्या असतात. त्या दिवशी एका वेलीजवळ वाकून त्या कापलेलं टोक नखानं खरवडत होत्या.

"सूनबाई, हे तू कापलंस तेव्हा हाताला काही लागलं नाही?"

"काय लागायचं, आत्याबाई? कात्री चालते आपली."

"बघ इकडं."

कापाच्या गोलात एक तपकिरी पाचर होती. बाकीचं लाकूड हिरवट पांढरं, ओलसर, आणि त्यात पुरणपोळीचा तुकडा कापावा तसा मेलेल्या लाकडाचा त्रिकोण, टोक आत मध्याकडं. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. युटायपा नावाची बुरशी जुन्या छाटणीच्या जखमेतून शिरते आणि वर्षानुवर्षं आतून लाकूड मारत खाली उतरते. बाहेरून वेल ठीक दिसते. मग एका वसंतात त्या हातावरची, म्हणजे खोडातून तारेवर नेलेल्या जुन्या फांदीवरची, फूट खुरटी निघते, पानं बारीक, पिवळट, कडा फाटलेल्या, आणि तेव्हा कळतं. अशी पाचर दिसली की चांगलं लाकूड लागेपर्यंत खाली कापत जायचं आणि त्याच्याही थोडं खाली थांबायचं. खोडातून एखादी सोयीची फूट असेल तर तिच्यावर नवा हात उभा करायचा.

मेलेलं लाकूड हाताच्या सिकेटरला कळतं. जिवंत काडी लोण्यासारखी नाही, पण ती जरा लवते, पातं आत शिरतं आणि शेवटी टक् होतं. मेलेली काडी आधी अडते आणि मग एकदम मोडते, कोरड्या भाकरीसारखी. अर्धी मेलेली अर्ध्यात अडते. आत्याबाईंना पाचर डोळ्यांनी दिसण्याच्या आधी मुठीत कळते. माझ्या बॅटरीच्या कात्रीनं त्या दिवसापर्यंत अकरा-बारा ओळींतले सगळे काप एकाच सुरात घातले होते. मी परत गेले. दोन दिवस नुसती कापलेली टोकं पाहत फिरले. नऊ वेली सापडल्या. गेल्या वर्षी तेवढ्याच ओळींत मी चार खुणावल्या होत्या, म्हणजे रोग वाढला की आधी माझ्या हातानं पकडलेलं मी या वेळी नंतर डोळ्यांनी पकडलं, ते सांगता येणार नाही. पण टोकं पाहायला मी परत गेले नसते, हे नक्की.

त्याच फेरीत दुसरीही एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला जास्त लागली. मी जाड काप फार घातले होते. सिकेटरनं दोन बोटं जाडीचा जुना हात कापायचा म्हटलं की माणूस थांबतो. दोन्ही हात लागतात, नाही तर घडीची करवत काढावी लागते. त्या थांबण्यात विचार होतो, खरंच काढायचाय का हा? बॅटरीच्या कात्रीला तीही जाडी चालते, त्यामुळं "जरा आडवं आलंय" एवढ्यावर मी जुने हात उडवले होते, तेही खोडाला अगदी चाटून. वेलीची जखम माणसासारखी भरून येत नाही. कापाच्या मागचं लाकूड आत वाळत जातं, शंकूसारखं, आणि काप जितका जाड तितकं ते खोल जातं. म्हणून जाड काप घालताना त्याच्या जाडीएवढा तरी खुंट ठेवायचा, वाळायचं ते त्या खुंटात वाळू दे, रसाच्या वाटेत नको. मला हे माहीत होतं. दर वर्षी मीच नव्या माणसांना शिकवते. कात्रीच्या नादात मीच विसरले. वीसेक ठिकाणी तरी.

यात कात्रीच्या बनावटीचाही थोडा वाटा आहे. तिचं डोकं मोठं. दोन खुंट्यांच्या, म्हणजे आखूड कापून ठेवलेल्या काड्यांच्या, मधल्या चिमटीत, जिथं एक ठेवायची आणि दुसरी काढायची असते, तिथं ते शिरत नाही. मग एक तर लांबून कापावं लागतं आणि नको तेवढं बोटुक राहतं, नाही तर तिरकं घालून ठेवायच्या डोळ्यावरच पातं टेकतं. दोन पात्यांतलं धारेचं पातं राहणाऱ्या लाकडाकडं आणि बिनधारेचा आकडा जाणाऱ्या तुकड्याकडं ठेवायचा, म्हणजे चेंगरलेला भाग तुकड्याबरोबर जातो. हे सिकेटरनं मनगट फिरवलं की होतं. ८०० ग्रॅम दिवसातून हजार वेळा फिरवायला मनगट तयार होत नाही. मी फिरवायचं सोडून दिलं होतं, हेही टोकं पाहतानाच कळलं.

सिकेटरचं नाव मात्र सांगते, कारण त्याबद्दल चांगलंच बोलायचंय. फेल्को २. स्वित्झर्लंडची कंपनी, १९४५ मध्ये सुरू झालेली. लाल मुठी, लांबी २१५ मिलिमीटर, २५ मिलिमीटरपर्यंतची काडी कापतं. माझं अकरा वर्षांचं आहे. त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. पातं, स्प्रिंग, बोल्ट, मुठीवरचं लाल वेष्टण, सगळं बदलता येतं, त्यामुळं आता त्यातलं मूळचं काय आणि नवं काय ते मला सांगता येणार नाही. डावखुऱ्यांसाठी ९ नंबरचं आहे, आणि ज्यांचा हात दुखतो त्यांच्यासाठी ७ नंबरचं, त्याची खालची मूठ बोटांबरोबर फिरते. खरं तर बॅटरीच्या कात्रीच्या आधी मी ७ नंबर वापरून पाहायला हवं होतं. त्याची किंमत बॅटरीवालीच्या पासंगालाही पुरत नाही.

जाता जाता: सिकेटरचा शोध लावणारा माळी नव्हता आणि शेतकरीही नव्हता. बेर्त्राँ द मोल्विल नावाचा फ्रेंच सरदार, सोळाव्या लुईचा आरमारमंत्री. क्रांतीत मंत्रिपद गेलं, देश सुटला, परत आल्यावर त्यानं हे काढलं. त्याआधी द्राक्षाची छाटणी वाकड्या कोयत्यानं होत असे. कोयत्यानं दिवसभर ओढून कापणाऱ्यांचे अंगठे कसे असतील, हा विचार मला या हिवाळ्यात बऱ्याचदा आला.

आता देखभाल, थोडक्यात. बॅटरीच्या कात्रीला रोज ग्रीस लागतं, सिकेटरला तेलाचा थेंब पुरतो. धार दोन्हींना फक्त उताराच्या बाजूनं लावायची, सपाट बाजूवर नुसता दगड टेकवून बुरी काढायची. बॅटरीवालीला मी दर तिसऱ्या दिवशी धार लावायची, कारण बोथट झालेलं तिच्यात कळत नाही, ती बळानं कापत राहते आणि काप चेंगरत जातात. कळतं ते बॅटरी लवकर बसायला लागली की. धार लावण्याआधी बॅटरी काढून ठेवा, हे आवर्जून सांगते, मोज्याच्या करंगळीची शपथ. रोगट वेलीनंतर पातं स्पिरिटनं पुसायचं. ब्लीच वापरू नका, पातं गंजतं. खोडाला गाठी असलेल्या वेली मी सगळ्यात शेवटी घेते, त्यांचा जिवाणू पात्यावरून पुढच्या वेलीला जातो. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस छाटणी बंद, कारण वर लिहिलेल्या बुरशीचे बीजाणू पावसाबरोबरच उडतात. हे नियम कुठल्याही कात्रीला सारखेच.

आणखी एक प्रयोग केला, तो सांगायलाच हवा. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथं नेल्सन शॉलिस म्हणून द्राक्षाचे संशोधक होते. त्यांच्या कामातून काड्यांच्या वजनावरून वेलीवर किती डोळे ठेवायचे याचा एक हिशेब रूढ झाला. वेलीवरून काढलेल्या एक वर्षाच्या काड्या तोलायच्या. पहिल्या पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमना, ३० डोळे आणि त्यापुढच्या प्रत्येक पौंडाला १०. तो आकडा कॉन्कॉर्ड जातीचा, दुसऱ्या जातीला तसाच लावू नये, पण त्यातली अक्कल सगळीकडं चालते: वेलीत जोर किती आहे ते तिनंच वाढवलेल्या काडीवरून ओळखायचं. मी माझ्या जातीचा कमी आकडा धरते आणि ओळीतल्या दोन-तीन वेलींच्या काड्यांची मोळी लटकत्या काट्याला लावते. बॅटरीच्या ओळींत दहा वेली तोलल्या. सात वेलींवर मी हिशेबापेक्षा जास्त डोळे ठेवले होते. सिकेटरच्या ओळींत दहातल्या तीन. दहा-दहा वेलींवरून फार मोठं काही म्हणता येत नाही, कबूल. पण मला पटलं, कारण मला माहीत होतं की मी भराभर पुढं गेले होते. दोन कापांच्या मधे सिकेटर जो अर्धा सेकंद घेतं, त्या अर्ध्या सेकंदात मी डोळे मोजत असते. मला वाटायचं मी फक्त मूठ सोडत असते.

मग पद्धत बदलली. आता बॅटरीच्या कात्रीनं पहिली फेरी: उंच काड्यांचे शेंडे, मधल्या तारांमधलं जंजाळ, जे कुठल्याही हिशेबात जाणारच आहे ते सगळं, आणि तेही तारेपासून चार बोटं राखून. विचार करायला काही नसतं, अंगठ्याला आराम मिळतो. ओढणीही सोपी होते, कारण तुकडे लहान असतात. मग कात्री पिशवीत आणि दुसऱ्या फेरीला सिकेटर. वेलीला आठ-दहा काप, जे खरे काप आहेत तेवढेच. कुठली काडी ठेवायची, किती डोळ्यांवर, पुढच्या वर्षीसाठी दोन डोळ्यांची खुंटी कुठं. अशा दोन फेऱ्यांत ओळीला ७० मिनिटं लागतात. म्हणजे मूळच्या ८० वरून १० मिनिटं वाचली. आणि मुठीचे ६०,००० काप २०-२५ हजारांवर आले. अंगठ्याची तक्रार नाही. आत्याबाईंना दुसरी फेरी तेवढी देते, पहिल्या फेरीत त्या चहा घेतात आणि माझ्या कात्रीला नावं ठेवतात.

दुकानाबद्दल दोन शब्द. खाच पडलेलं पातं बदलायला नेलं तर तिथल्या मुलानं तारेवर पडलेली खाच वॉरंटीत येत नाही म्हणून सांगितलं, ते बरोबरच आहे. पण जादा पातं मागवायला तीन आठवडे लागतील हेही त्यानं तितक्याच शांतपणे सांगितलं. छाटणीच्या हंगामात तीन आठवडे! खोक्यातलं जादा पातं होतं म्हणून निभावलं. घेताना कात्रीइतकीच चौकशी सुट्या भागांची करा, आणि दोन पाती आधीच घरात आणून ठेवा. बॅटरीही सुटी मिळते का ते विचारा, कारण बॅटरी काही वर्षांत उतरणारच, आणि ती मिळेनाशी झाली की उरतं ते ८०० ग्रॅमचं शोभेचं यंत्र.

पाचपैकी किती? अंगठ्याला विचाराल तर साडेचार. वेलीला विचाराल तर अडीच, आणि त्यात माझ्या वागणुकीचेही गुण कापलेले आहेत. मी साडेतीन देते. ५०० वेलींपर्यंत काम असेल आणि हात धड असेल तर घेऊ नका, चांगलं सिकेटर आणि घडीची करवत पुरे. मजुरांच्या हातात द्यायची असेल तर आधी दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरा, नाही तर आठवड्यात तारा आणि जुने हात दोन्ही जातील.

परवा कात्री पुसून, ग्रीस घालून, बॅटऱ्या अर्ध्या भरून कपाटात ठेवल्या. महिनोन्महिने ठेवायच्या बॅटऱ्या पूर्ण भरूनही ठेवू नयेत आणि रिकाम्याही. छाटणी अजून पूर्ण झालेली नाही. खालच्या अंगाच्या दोन ओळी मुद्दाम मागं ठेवल्यात. तिथं रात्रीचा गारठा साचतो, आणि उशिरा छाटलेली वेल उशिरा फुटते, म्हणजे शेवटच्या दहिवराच्या तडाख्यातून कोवळी फूट वाचते. काल तिथं एक काडी कापून पाहिली. टोकाशी थेंब जमला, मोठा झाला, पडला, आणि लगेच दुसरा जमला. मुळं जागी झालीत. आत्याबाई म्हणाल्या, अजून चार दिवस थांबू. त्या ८० वेली आम्ही दोघी सिकेटरनंच करणार आहोत.